शिष्यवृत्तीमुळे मुलं टिकतात, की टिकणाऱ्या मुलांनाच शिष्यवृत्ती मिळते?

आमच्या राधानगरी तालुक्यातल्या बऱ्याच हायस्कुलांत आणि कॉलेजांत ऑफिसच्या बाहेर एक फळा असतो. ऑइलपेंटने रंगवलेला. त्यावर देणगीदाराचं नाव, ठेवीची रक्कम आणि पुढे 'यांच्या स्मरणार्थ, बारावीत प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यास व्याजातून बक्षीस' असा मजकूर. कुणी मुंबईत आयुष्यभर नोकरी केलेली असते, कुणी निवृत्त शिक्षक असतात, कुणाचा मुलगा परदेशात असतो. पैसे मनापासून दिलेले असतात, त्याबद्दल शंका नाही.

शंका वेगळीच आहे, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी ती घ्यायला शिकलं पाहिजे. त्या पैशामुळे जो मुलगा किंवा मुलगी शिकली, ती त्या पैशाशिवाय शिकली नसती का?

मी वनस्पतीशास्त्रात पीएच.डी. करते. शिष्यवृत्ती हा काही माझा विषय नाही. पण या प्रश्नाची बांधणी शेतातल्या खताच्या प्रयोगासारखीच आहे, म्हणून इथे लिहायला घेतलं. समजा तुमच्याकडे उसाचे दहा वाफे आहेत. त्यातल्या सगळ्यात जोमदार वाफ्याला तुम्ही नवीन खत घातलं आणि दिवाळीनंतर म्हणालात, "बघा, खताने काय ऊस आलाय!" शेजारचा म्हातारा लगेच विचारेल, "अहो, तो वाफा आधीपासनंच चांगला होता की." संशोधनाच्या भाषेत याला निवडीचा दोष म्हणतात. पहिल्या नंबराच्या मुलाला बक्षीस द्यायचं आणि पाच वर्षांनी तो इंजिनिअर झाला म्हणून शिष्यवृत्तीचं यश सांगायचं, हे त्याच वाफ्यासारखं झालं.

हा दोष काढायचा रस्ताही शेतातूनच आला. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर १९१९ पासून काम करत होता. कुठल्या वाफ्याला खत घालायचं हे माणसाने ठरवायचं नाही, ते चिठ्ठी टाकून ठरवायचं, ही शिस्त त्याने प्रयोगांना लावली. चिठ्ठीला जोमदार वाफा आणि मरतुकडा वाफा कळत नाही. त्यामुळे वाफे पुरेसे असले, तर दोन्ही गट सुरुवातीला सारखेच असतात, आणि शेवटी जो फरक दिसतो तो खताचाच, असं म्हणता येतं.

माणसांवर चिठ्ठी टाकायची? ऐकायला क्रूर वाटतं. पण विचार करा, पात्र मुलं शंभर आहेत आणि पैसे तिसांपुरतेच आहेत. मग सत्तर जणांना नाही म्हणावंच लागणार. कुणाला नाही म्हणायचं हे ओळखीवर ठरवण्यापेक्षा चिठ्ठीवर ठरवणं मला तरी जास्त न्यायाचं वाटतं.

हे प्रत्यक्षात झालंही आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात सुझन थॉम्पसन बफे फाउंडेशन ही खासगी देणगीवर चालणारी संस्था कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना कॉलेजसाठी मोठी शिष्यवृत्ती देते. जोशुआ अँग्रिस्ट, डेव्हिड ऑटर आणि अमांडा पॅलेस या अर्थशास्त्रज्ञांनी संस्थेबरोबर बसून हजारो अर्जदारांमध्ये शिष्यवृत्ती अक्षरशः चिठ्ठीने वाटली आणि पुढची काही वर्षं दोन्ही गटांचा माग काढला. (अँग्रिस्टला २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, ते साधारण याच प्रकारच्या कार्यकारणाच्या पद्धतींसाठी.) चार वर्षांच्या पदवीला जाऊ पाहणाऱ्या मुलांत शिष्यवृत्तीमुळे पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ८ टक्के गुणांनी वाढलं.

आता इथे थांबू नका. बातमी आठ गुणांवर संपते, पण अभ्यासाचा गाभा त्याच्या पुढे आहे. ही वाढ सगळ्यांमध्ये सारखी नव्हती. जी मुलं एरवी चार वर्षांच्या कॉलेजकडे फिरकलीच नसती, त्यांच्यात ती एकवटलेली होती. जी कशीही करून शिकणारच होती, त्यांच्या डोक्यावरचं कर्ज तेवढं कमी झालं. पदवी त्यांना तशीही मिळणार होती. संशोधकांनी स्पष्ट लिहिलं आहे की कार्यक्रमाचा बहुतेक खर्च हा अशा प्रकारचा आहे.

कर्ज कमी होणं वाईट नाही. आपल्याकडच्या घरांना तर ते फारच मोलाचं. पण तो वेगळा फायदा आहे, आणि फळ्यावर 'प्रथम येणाऱ्यास' असं लिहिताना आपण दोन्हींची गल्लत करतो.

दुसरी गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी. पदवीवरचा परिणाम आला कुठून? पहिल्या वर्षात मुलांनी किती क्रेडिट मिळवले, त्यातून. म्हणजे लढाई पहिल्याच वर्षात असते. आपल्या भाषेत सांगायचं तर, एफवायला किती विषय एटीकेटीत अडकले ते बघा, तिसऱ्या वर्षाचा अंदाज तिथेच येतो. मग जी बक्षिसं शेवटच्या वर्षाच्या निकालावर दिली जातात, ती या लढाईत उतरतच नाहीत. जिंकून आलेल्याला हार घालतात, एवढंच.

पैसा नेमकं काय विकत घेतो?

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे अनुदानित कॉलेजात बी.ए., बी.एस्सी.ची फी कितीशी असते? बरोबर आहे. फीवर मुलगा क्वचित अडतो. तो अडतो खोलीच्या भाड्यावर, मेसच्या बिलावर, एसटीच्या पासवर, प्रॅक्टिकलच्या जर्नलवर, आणि सगळ्यात जास्त म्हणजे वेळेवर. राधानगरीहून कोल्हापूर पन्नास किलोमीटरच्या पुढे आहे. दाजीपूरच्या बाजूच्या वाडीतून निघालात तर आणखी लांब. रोज ये-जा करणाऱ्या मुलीचे चार तास एसटीत आणि स्टँडवर जातात. ती लायब्ररीत कधी बसणार? प्रॅक्टिकल लांबलं की तिची शेवटची गाडी चुकते, म्हणून ती प्रॅक्टिकलच अर्धं टाकून निघते. तिच्या गुणपत्रिकेत याची कुठेच नोंद नसते.

विस्कॉन्सिनमध्ये जॉन आणि टाशिया मॉर्ग्रिज या दाम्पत्याच्या देणगीतून एक शिष्यवृत्ती सुरू झाली, तिचीही वाटणी चिठ्ठीने झाली. तिथल्या अभ्यासात दिसलं की पैसे मिळालेली मुलं बाहेरची नोकरी थोडी कमी करू लागली. आठवड्याला सरासरी पावणेदोन तास कमी, आणि रात्रपाळी करणाऱ्यांचं प्रमाण घटलं. पावणेदोन तास म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण सरासरी फसवी असते, हे तुम्हाला सांगायला नको. काहींनी नोकरी सोडलीच, काहींच्यात काहीच बदललं नाही, त्याची मिळून ती सरासरी.

वेळेबरोबर डोकंही मोकळं होतं का? इथे एक अभ्यास आपल्या भागातल्या वाचकाला फार जवळचा वाटेल. २०१३ मध्ये 'सायन्स' मासिकात आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्दार शफीर आणि जियायिंग झाओ यांचा निबंध आला. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची त्यांनी तोडणीच्या आधी आणि नंतर बुद्धीच्या ठरावीक कसोट्यांवर चाचणी घेतली. माणूस तोच, पण तोडणीपूर्वी, हातात पैसा नसताना, त्याची कामगिरी खालावलेली होती. बिल हातात येण्याआधीचे महिने कसे जातात हे भोगावतीकाठच्या कुठल्याही घराला विचारा. त्याच घरातली पोरं त्याच महिन्यांत सेमिस्टर परीक्षेला बसलेली असतात.

पण हा निबंध वाचून भारावून जाल, तर त्यानंतरचंही वाचा. त्यावर पद्धतीचे आक्षेप घेतले गेले. अमेरिकेत कार्व्हाल्यो आणि सहकाऱ्यांनी पगाराच्या आधी आणि नंतर अशाच चाचण्या घेतल्या, त्यांना बुद्धीच्या कामगिरीत फरक दिसला नाही. म्हणून 'टंचाईने डोकं चालत नाही' हे अजून सिद्ध झालेलं विधान नाही, तो एक गंभीरपणे घेण्याजोगा अंदाज आहे. स्वतःच्या अनुभवाशी जुळणारा निष्कर्ष जास्त कडकपणे तपासायचा, ही सवय आत्ताच लावून घ्या. नंतर गाइडने लावण्यापेक्षा बरं.

आणखी एक मुद्दा, जो माझ्या मते देणगीच्या शिष्यवृत्तीचा सगळ्यात खास आहे. बी.ए. इतिहास, बी.एस्सी. भूशास्त्र, तत्त्वज्ञान असल्या पदव्यांसाठी शैक्षणिक कर्ज काढायची घरच्यांची छाती होत नाही. नोकरी कोणती लागणार, असा सरळ प्रश्न बँक विचारते आणि वडीलही विचारतात. आता लिबरल आर्ट्स म्हणतात त्या प्रकारचं शिक्षण, म्हणजे दोन-तीन वर्षं निरनिराळे विषय चाखून मग आपला विषय ठरवण्याची चैन, कर्जावर परवडत नाही. पुण्यात किंवा दिल्लीजवळ अशी जी खासगी विद्यापीठं आहेत त्यांची फी बघून आपल्या तालुक्यातला पालक साइटच बंद करेल. तिथे जर आपल्याकडचं कुणी दिसलं, तर ते बहुधा देणगीदारांच्या पैशावरच. कर्ज परताव्याचा विचार करतं, देणगीला तो करावा लागत नाही. चुकून आवडलेला विषय घेण्याची मुभा हीसुद्धा शिष्यवृत्तीने विकत घेतलेली वस्तू आहे, फक्त ती मोजायला अवघड.

कोल्हापूरने हे शंभर वर्षांपूर्वी करून बघितलंय

देणगीचं शिक्षण आपल्याकडे नवं नाही. वार लावून जेवणारा विद्यार्थी तुम्ही आत्मचरित्रांतून वाचला असेल. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरं. आर्थिक दृष्टीने पाहिलं तर ही सात देणगीदारांची शिष्यवृत्तीच, पैशाऐवजी ताटात वाढलेली. पण त्यातलं एखादं घर गावाला गेलं की त्या वारी उपाशी. जेवायला गेल्यावर काय ऐकून घ्यावं लागायचं ते वेगळंच. आणि मुळात ती सोय कुठल्या जातीच्या मुलाला होती, हेही उघड आहे.

शाहू महाराजांनी (आमचं राधानगरी हे नाव त्यांच्या लेकीवरून, राधाबाईंवरून पडलं) मुलाच्या हातात रोख देण्यापेक्षा वसतिगृहं काढण्यावर जोर दिला. याला मी संशोधक म्हणून फार महत्त्व देते, कारण वसतिगृह म्हणजे वर लिहिलेल्या अडचणींवरचं थेट उत्तर: जेवण, खोली आणि वाचलेला वेळ. सुरुवातीचा अनुभवही बोलका होता. सगळ्यांसाठी म्हणून जे वसतिगृह निघालं, त्यात काही वर्षांत ब्राह्मण विद्यार्थीच उरले. दार सगळ्यांना उघडं ठेवलं म्हणून सगळे आत येतात असं नाही. ज्याला आधीच वाट माहीत असते तो पहिला पोचतो. नेब्रास्काच्या आकड्यांमागे हीच गोष्ट आहे, फक्त सव्वाशे वर्षं उशिरा मोजलेली. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम मुलांसाठी, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. महाराज १९२२ मध्ये गेले तोवर शहरात अशी वीसेक वसतिगृहं उभी होती. दरबारचा पैसा, जमिनी, आणि त्या त्या समाजाने गोळा केलेली वर्गणी असं मिळून ते चाललं. निव्वळ देणगी आणि निव्वळ सरकार अशी आजची वाटणी तिथे लागू पडत नाही.

जातवार वसतिगृहं का, हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. माझं मत असं की जी मुलं आतच येत नव्हती त्यांना आत आणण्यासाठी ती गरजेची होती. पण देणगीदाराने आपल्याच समाजापुरता पैसा ठेवायचा ही सवयही तिथून आली, आणि ती अजून गेलेली नाही. कर्मवीर भाऊराव पाटील हे त्याच कोल्हापुरातल्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले, तिथल्या नियमांशी त्यांचं पटलं नाही, आणि पुढे १९२४ मध्ये साताऱ्याला त्यांनी सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील, एकत्र जेवतील असं वसतिगृह काढलं. त्याला नाव दिलं शाहूंचंच. त्या वसतिगृहासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. देणगीदार म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर उद्योगपती येतो, लक्ष्मीबाई येत नाहीत.

भाऊरावांनी एक गोष्ट आणखी बदलली: मुलगा घेणारा राहिला नाही, कामकरी झाला. 'कमवा आणि शिका'. पुढे १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते याच तत्त्वावर. शिवाजी विद्यापीठातही ही योजना आहे. वार लावून जेवताना जी मान खाली जायची, ती इथे जात नाही. पण संशोधक म्हणून उलटा प्रश्नही विचारा: काम केल्याने अभ्यासाचा वेळ किती गेला? विस्कॉन्सिनचं निरीक्षण आणि साताऱ्याचं तत्त्व इथे एकमेकांना छेद देतात. कॅम्पसवरचं दोन तासांचं काम आणि एमआयडीसीतली रात्रपाळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तरी उघड दिसतं. त्यापुढे नेमकी मर्यादा किती, यावर आपल्याकडच्या विद्यापीठांतली आकडेवारी घेऊन कुणी बसलं, तर चांगला एम.फिल.च्या वजनाचा विषय आहे. (एम.फिल. आता राहिलं नाही, पण वजन राहिलं.)

मधेच संपणारी शिष्यवृत्ती

पीएच.डी.ला जाणाऱ्यांनी एक उदाहरण मात्र नीट वाचावं, कारण ते आपल्या सगळ्यांच्या भीतीचं आहे. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार. तीन वर्षांत त्यांनी न्यूयॉर्कमध्ये जे काम केलं ते सर्वांना माहीत आहे. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. बडोद्यात नोकरीवर हजर झाले, तर राहायला जागा मिळेना. जातीमुळे. ती नोकरी टिकली नाही. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज असं जमवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. डी.एस्सी. १९२३ मध्ये मिळाली.

या गोष्टीकडे थोर माणसाची जिद्द म्हणून बघायची आपल्याला सवय आहे. एकदा शिष्यवृत्तीची रचना म्हणून बघा. रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली, अट ठरलेली. पण अभ्यासाचा कालावधी त्या मुदतीत बसेल का, हे बघणारी तरतूद नाही. त्यामुळे मधली तीन वर्षं गेली. आणि दुसरा टप्पा उभा राहिला तो तीन ठिकाणचे पैसे जोडून: स्वतःची बचत, एक देणगी, एक उसनवारी. अशी जोडणी आंबेडकरांना जमली; त्यांच्यासारखेच परतलेले आणि पुन्हा न गेलेले किती असतील, ते आपल्याला कधीच कळणार नाही, कारण त्यांच्यावर पुस्तकं नाहीत. यशस्वी माणसांच्या चरित्रांवरून शिष्यवृत्तीचं मूल्यमापन करायचं नाही, ते याच कारणासाठी.

(राधानगरी धरणाचंही असंच झालं. १९०९ च्या सुमारास सुरू झालेलं काम पैशाअभावी मधेच थांबलं आणि पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडलं. अर्धी भिंत काही ना काही पाणी तरी अडवते, अर्ध्या पीएच.डी.चं तसं नसतं.)

म्हणून अर्ज करताना रकमेआधी चार गोष्टी विचारा. पैसे वर्षाच्या सुरुवातीला येतात की शेवटी? मुदत वाढवून मिळते का? एखादं सेमिस्टर वाईट गेलं तर लगेच बंद होते का? आणि अडचण आली तर फोन कुणाला करायचा? शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण तो सगळ्यात वजनदार असू शकतो. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने कम्युनिटी कॉलेजांत एक योजना चालवली: फीमधली उरलेली दरी भरून काढणं, पुस्तकांचा खर्च, मेट्रोचा पास, आणि नेमून दिलेला सल्लागार, ज्याला नियमित भेटायचंच. तिचीही वाटणी चिठ्ठीने झाली. तीन वर्षांत पदवी पुरी करणारे ४० टक्के निघाले. योजनेबाहेरच्या गटात २२ टक्के. एवढा फरक शिक्षणाच्या प्रयोगांत सहसा दिसत नाही. यात पैशाचा वाटा किती आणि सल्लागाराचा किती, हे या प्रयोगातून सुटं करता येत नाही, कारण दोन्ही एकत्रच दिले गेले. वसतिगृहात रेक्टर असायचे, वरच्या वर्गातली मुलं असायची, कोण चार दिवस जेवायला आलं नाही हे कळायचं. पुण्यात १९५५ पासून चालणाऱ्या विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्थांनी खेड्यातून आलेल्या मुलांना पैशाबरोबर हेच दिलं. खात्यावर परस्पर रक्कम जमा करणारी योजना स्वच्छ असते, पण तिला कुणी जेवलं का हे कळत नाही.

तुम्हाला यावर काम करायचं असेल तर

एखाद्याला वाटेल, चला, आपल्या तालुक्यातल्या एखाद्या ट्रस्टची शिष्यवृत्ती घेऊ आणि चिठ्ठीचा प्रयोग करू. थोडं गणित आधी करा. समजा पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ६३ वरून ७१ टक्क्यांवर जातं. हा फरक नेहमीच्या निकषाने (८० टक्के पॉवर, ५ टक्के सिग्निफिकन्स) पकडायला प्रत्येक गटात साधारण ५४० मुलं लागतात. ट्रस्ट वर्षाला २० मुलांना पैसे देत असेल तर २७ वर्षं. तेवढ्यात तुमचे गाइड दोनदा निवृत्त होतील.

दुसरा मार्ग कट-ऑफचा. ट्रस्ट ७५ टक्क्यांच्या वरच्यांनाच देत असेल, तर ७४.८ वाला आणि ७५.२ वाला यांच्यात खरं तर काहीच फरक नसतो, नशिबाचा सोडून. रेषेच्या लगेच खालचे आणि लगेच वरचे यांची तुलना करायची. याला रिग्रेशन डिसकंटिन्युइटी म्हणतात. नाव मोठं आहे, कल्पना ही एवढीच. दोन अडचणी: रेषेजवळ मुलं पुन्हा मोजकीच असतात, म्हणून अनेक ट्रस्टांची आणि अनेक वर्षांची माहिती एकत्र करावी लागते. आणि उत्तर मिळतं ते फक्त ७५ च्या आसपासच्या मुलांबद्दल. ५२ टक्के मिळवून घरी बसलेल्या मुलीबद्दल ही पद्धत अवाक्षर काढत नाही, आणि नेब्रास्काचा निष्कर्ष मानला तर पैशाचा खरा उपयोग कदाचित तिलाच झाला असता.

संख्या लहान असेल तर मोजणी लांबवू नका, जवळ आणा. पदवी मिळाली का, यासाठी तीन वर्षं थांबण्याऐवजी पहिल्या सेमिस्टरचे सुटलेले विषय, प्रॅक्टिकलची हजेरी, महिन्याला किती दिवस घरून ये-जा, कामाचे तास, हे दर महिन्याला नोंदवा. एका मुलाच्या बारा नोंदी मिळतात. त्यातून कार्यकारण सिद्ध होणार नाही, पण पैसा नेमका कुठल्या महिन्यात कमी पडतो ते दिसेल. ते दिसलं तरी ट्रस्टला हप्ता जूनमध्ये द्यावा की जानेवारीत, हे ठरवता येईल. त्याचबरोबर मुलाखती घ्या, आणि घेताना देणगीदार किंवा ट्रस्टी खोलीत नकोत. पैसे देणाऱ्यासमोर कुणीही 'कमी पडतात' असं म्हणत नाही.

सगळ्यात दुर्मिळ माहिती मात्र वेगळीच आहे: ज्यांना नाही म्हटलं त्यांची. मिळालेल्यांच्या फायली, फोटो, मोठ्या पुठ्ठ्याच्या चेकसकट जपून ठेवलेले असतात. नाकारलेले अर्ज मात्र पुढच्या वर्षी रद्दीत जातात. तुलनागट तिथेच असतो. तेव्हा तुमच्या गावात कुणी शिष्यवृत्ती देत असेल, तर विषय पक्का व्हायच्या आधीच त्यांना भेटून एवढं सांगा की नाकारलेले अर्ज टाकू नका. नावं झाकून क्रमांक घाला, अर्जदाराची संमती अर्जावरच एका ओळीत घ्या, आणि कागद कपाटात ठेवा. नव्या वर्षाचे अर्ज बारावीचा निकाल लागला की सुरू होतात, म्हणजे ही भेट मार्च-एप्रिलमध्येच उरकलेली बरी.